दहावा शब्द

“हनोखभाऊ, आधी हात धुवा,” दमयंती म्हणाली.

मी जेट्टीवर एका होडीचं इंजिन खोलून बसलो होतो. हात कोपरापर्यंत काळे. दमयंती म्हात्रे ही आमची शेजारीण. तिच्या घरी त्या दिवशी गौरी बसलेल्या. सणाचं घर सोडून ही बाई जेट्टीवर कशाला आली, हे मला कळेना.

“काय झालं?”

“धुवा ना. घरी चला.”

“सिपोराला बरं नाही का?”

 बाजूचा रॉकेलचा डबा उचलून तिनंच माझ्या हातांवर ओतायला सुरुवात केली, आणि ओतता ओतता रडायला लागली. मी हात चोळत राहिलो. काळं जाईना, आणि मी चोळायचा थांबेना.

सिपोरा, माझी बायको, सकाळी मशिदीत दिव्यात तेल घालायला गेली होती. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. आमच्यातली जुनी माणसं प्रार्थनाघराला मशीदच म्हणतात, आणि आमच्या गावात उरलेली सगळी जुनीच. शुक्रवार होता. तेल घालून ती मागच्या खोलीत जरा टेकली, ती तशीच राहिली. अलिबागचे डॉक्टर म्हणाले, हृदय. तिनं आदल्या दिवशी शिजवलेला भात पातेल्यात तसाच होता.

शुक्रवारी सूर्य मावळला की आमचा शब्बाथ, विसाव्याचा दिवस, लागतो, मग माती देता येत नाही. म्हणून दिवस असेतो सगळं उरकायचं होतं. ठाण्याचे नातेवाईक निघाले, पण गणपतीचे दिवस. वडखळच्या अलीकडे गाड्यांची रांग, फोनवर फोन. “अजून इथंच आहोत, अजून इथंच आहोत.” अलिबागचे, रेवदंड्याचे धरून आम्ही सात पुरुष कबरीपाशी जमलो.

मेलेल्या माणसासाठी आमच्यात कदीश म्हणतात. ती एकट्यानं म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात, तेही आमच्यातलेच. आणि माणसं एक, दोन, तीन अशी मोजायची नाहीत, अशीही रीत आहे. मोजलेल्या माणसाला दृष्ट लागते म्हणतात. म्हणून तेहिल्लीमातलं, म्हणजे आमच्या स्तोत्रांतलं, दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, एकेका माणसाच्या खांद्याला हात लावून एकेक शब्द. वचन पुरं झालं तर प्रार्थना, नाही तर नाही. बिन्यामिनकाका आमचे हज्जान. प्रार्थना चालवणारे तेवढेच उरले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. ते आपल्यापासून सुरू करून खांदे चाचपत वचन म्हणत आले, सातव्या शब्दाला माझ्यापाशी पोचले, आणि हात पुढे करून हवेत तसाच ठेवला.

“पुढे कोण?” त्यांनी विचारलं.

“पुढे कोणी नाही, काका.”

“ठाण्याचे?”

“वडखळला अडकलेत.”

त्यांनी हात खाली घेतला. माती दिली. कदीश झाली नाही.

सिपोराचं यावर एकच म्हणणं होतं आणि ते तिनं मला लग्नापासून शंभरदा ऐकवलं होतं. “माझी कदीश इथं म्हणा. ठाण्याला नको.” तिचे वडील याच मशिदीचे हज्जान होते. आयुष्यभर ती वरच्या बायकांच्या सज्जात बसून दुसऱ्यांच्या कदीशी ऐकत आली. कधी दहा भरायला एक कमी पडला की गावभर फिरून पुरुषांना गोळा करायची तीच. एकदा भरल्या ताटावरून उठवून आणलं होतं तिनं आमच्या एका चुलत्याला. स्वतः मात्र खाली उभी राहू शकत नव्हती. “मी कुठल्या शब्दातली?” म्हणायची आणि हसायची. आम्हाला मूल नाही. म्हणजे कदीश म्हणायची ती मीच.

सुतकात आम्ही सात दिवस घरात जमिनीवर बसतो, त्या बसण्यात रोज संध्याकाळी खांदे चाचपून झाले. कधी चार, कधी पाच. मग रफेल सातामकर आला.

रफेलशेठ मशिदीच्या ट्रस्टचा अध्यक्ष. राहायला अलिबागला, बांधकामाचा धंदा. बसला तो खुर्चीत, आणि दमयंतीनं दिलेला चहा पीत म्हणाला, “हनोख, तुझं काम झालंच समज.”

“कसं?”

“कॅनडाहून आपल्या लोकांची बस येतेय. जुन्या मशिदी बघत फिरतात. सगळे मिळून वीस-बावीस, त्यात निम्म्याहून जास्त पुरुष. दहा काय घेऊन बसलास! वहिनींची कदीश अशी होईल की गाव बघत राहील.”

“म्हणतील ते?”

“अरे, याच्यासाठीच तर येतात! त्यांना रडायचंच असतं.” त्यानं कप खाली ठेवला. “फक्त मागची खोली जरा मोकळी करून दे. किल्ली तुझ्याकडे आहे ना?”

“कशाला?”

“वहिनींचा वर्ग दाखवायचाय. मुलं हिब्रू शिकतायत, असं.”

“वर्गाला मुलं कुठायत, रफेलशेठ? शेवटची पोरगी गेली इस्राएलला त्याला किती वर्षं झाली.”

“ते मी बघतो. तू किल्ली दे.”

मला दहा पुरुष हवे होते. मी किल्ली दिली.

त्या खोलीबद्दल सांगायला हवं. सिपोरा तिथं पोरांना अक्षरं शिकवायची. मुंबईहून तक्ता मागवला तो कसरीनं खाल्ला, म्हणून तिनं अक्षरं सरळ भिंतीवर काढली. होडीला लावायचा निळा रंग मी तिला आणून दिला होता. टेबलावर स्टूल, स्टुलावर ती, आणि स्टूल धरून मी. आलेफ, बेत, गिमेल. बावीस अक्षरं, उजवीकडून डावीकडे. बावीस झाल्यावर ती खाली उतरली आणि दाराशेजारी आणखी पाच काढली.

“ही कुठली?” मी विचारलं.

“त्यातलीच. शब्दाच्या शेवटी आली की अशी होतात.”

काफ, मेम, नून, पे, सादी. शब्दाच्या मध्ये असताना यांचा पाय डावीकडे वळलेला असतो, कारण पुढचं अक्षर डावीकडे येतं. शेवटी आली की यातली चौघं पाय सरळ खाली सोडतात, ओळीच्याही खाली. मेम तेवढं चारी बाजूंनी बंद होतं, खोक्यासारखं. मी शाळेत चौथीपर्यंत गेलेला माणूस. बावीसातली मला अर्धीही ओळखता येत नाहीत, पण ही पाच येतात. पोरं विचारायची, “मावशी, असं का?” ती सांगायची, “मध्ये असलं की शेजाऱ्याकडे वळून उभं राहायचं. शेवटी शेजारीच नाही, मग सोडा पाय खाली. आता घरी पळा.” आणि पोरं पळायची. दाराशेजारी काढली ती त्यासाठीच. वर्ग सुटायच्या वेळी ती पाच म्हणून घ्यायची.

बस यायच्या आदल्या दिवशी मी जेट्टीवरून परतताना मशिदीत डोकावलो. मागच्या खोलीतून खरवडल्याचा आवाज येत होता. आत सुदेश नावाचा अलिबागचा रंगारी होता. तीन भिंतींना गुलाबी डिस्टेंपर लागला होता. चौथी, दाराकडची, तो पत्रीनं खरवडत होता.

“काय करतोस?”

“पापुद्रे निघालेत काका. यावर रंग धरत नाही.”

खाली निळे कपचे पडले होते. तो त्यांवरूनच फिरत होता, चपलेला चिकटून ते बाहेर पायरीपर्यंत गेले होते. भिंतीवर अजून एका अक्षराचा लांब पाय शिल्लक होता. माझ्यासमोर त्यानं पत्री लावली आणि एका ओढीत तो काढला.  मी बाहेर विहिरीशेजारी गेलो. 

रफेलशेठला फोन लावला.

“अरे, किती कळकट दिसत होती ती भिंत,” तो म्हणाला. “फोटोत कशी दिसली असती? मी फ्लेक्स करून घेतलाय, रंगीत. तू बघशील तर खूश होशील.”

“ती सिपोराच्या हातची होती.”

“वहिनींचं नाव टाकलंय ना फ्लेक्सवर! हनोख, उद्याचं बघ. दहा पुरुष. विसरू नकोस.”

मी फोन ठेवला. दहा पुरुष. मी घरी जाऊन अंघोळ केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्लेक्स लागला होता. बावीस अक्षरं प्रत्येक वेगळ्या रंगात. वाढदिवसाच्या फलकावर असते तशी झालर. डाव्या कोपऱ्यात, जिथं शेवटची पाच यायला हवीत तिथं, रफेलशेठचा फोटो. गॉगल लावलेला. खाली बारीक अक्षरात ‘कै. सिपोराबाई हनोख वढावकर यांच्या स्मरणार्थ’ आणि त्याखाली मोठ्या अक्षरात ‘सौजन्य’.

“शेवटची पाच कुठायत?” मी विचारलं.

“बावीसच असतात,” रफेलशेठ म्हणाला. “मी मोबाइलवर बघितलं. बरं, हे घाल.” त्यानं माझ्या हातात नवी टोपी दिली.

फ्लेक्सखाली सतरंजीवर आठ-दहा पोरं बसली होती. कोळीवाड्यातली आणि म्हात्र्यांच्या आळीतली. सगळ्यांच्या डोक्यावर तसल्याच टोप्या, पोरींच्या डोक्याला रुमाल. रफेलशेठच्या पुतण्यानं दोन दिवस मोबाइलवरचं गाणं लावून त्यांच्याकडून अक्षरं घोटून घेतली होती. पोरांना वर्गानंतर आइस्क्रीम होतं. दमयंतीची नात प्राची पुढच्या रांगेत होती. मला बघून तिनं हळूच विचारलं, “आजोबा, हे नाटक कुठल्या सणाचं?”

बस आली. उंच उंच म्हातारे, गोरे, उन्हानं लाल झालेले, बायकांच्या गळ्यात कॅमेरे. पोरांनी चाल लावून बावीस अक्षरं म्हटली. एकदा म्हटली, मग रफेलशेठनं बोट फिरवलं तशी पुन्हा म्हटली. पाहुण्यांतल्या दोघी-तिघी डोळे पुसू लागल्या. त्यांचं इंग्रजी मला कळत नव्हतं, पण रफेलशेठ माझ्याकडे हात करून बोलला तेव्हा त्यातलं ‘टीचर’ आणि ‘वाइफ’ कळलं. एक बाई येऊन माझ्या गळ्यात पडली. तिच्या अंगाला सेंटचा इतका वास होता की मी श्वास धरून उभा राहिलो.

मग तिनं प्राचीच्या गालाला हात लावून नाव विचारलं. प्राचीनं रफेलशेठकडे बघितलं.

“सांग ना,” रफेलशेठ म्हणाला. “काल काय पाठ केलं?”

“सिपोरा,” प्राची म्हणाली.

बाई हसली, पुन्हा पुन्हा ते नाव घेत तिनं पोरीचे फोटो काढले. प्राची माझ्याकडे बघत होती. तिला नेमकं काय चुकलं ते कळत नव्हतं, पण काहीतरी चुकलंय हे कळत होतं. मी रफेलशेठला बाजूला घेतलं.

“ते नाव कशाला दिलंत तिला?”

“अरे, स्मरणार्थ! तुला काहीच आवडत नाही का?”

“कदीश कधी?”

“सगळ्यात शेवटी. आधी त्यांना सेफेर तोरा दाखवू, फोटो होऊ देत. मनातून तयार व्हायला लागतात माणसं.”

फोटो झाले. सेफेर, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी, बाहेर काढलं, आत ठेवलं, कुणाचा कॅमेरा चालला नव्हता म्हणून पुन्हा काढलं. गाइड घड्याळ दाखवायला लागला. काशिदच्या रिसॉर्टवर जेवण तयार होतं. एकेक करून माणसं बाहेर जाऊन बूट घालू लागली. बसचं इंजिन सुरूच होतं, आत एसी होता. मी दारात आडवा उभा राहिलो, बोटांनी दहा दाखवले, आतल्या बाजूला हात केला. बहुतेकांनी माझा हात हातात घेऊन दाबला आणि माझ्या बाजूनं बाहेर पडले.

आत राहिले चौघं. त्यातला एक फार म्हातारा होता, काठी टेकून शांत उभा, त्याला बहुतेक सगळं समजलं होतं. हे चौघं, रेवदंड्याहून आलेले दोघे भाऊ, रफेलशेठ, मी आणि बिन्यामिनकाका. काकांनी वचन सुरू केलं. खांद्याला हात, शब्द. खांद्याला हात, शब्द. शेवटी आपल्या छातीवर हात ठेवून ते थांबले.

“अद,” ते म्हणाले. तो नववा शब्द. अद म्हणजे पर्यंत. कुठपर्यंत, ते दहाव्यात आहे.

“एक कमी आहे,” काका म्हणाले.

मी बसकडे धावलो. दार बंद होतं, काचेवर थापा मारल्या. आत एक तरणाबांड गडी केळ्याचे वेफर खात बसला होता. मी एक बोट वर केलं. एकच. त्यानंही हसून एक बोट वर केलं, मग मोबाइल काढून काचेतून माझा फोटो घेतला.

परत आलो तर काका म्हणत होते, “मिळाला, हनोख, मिळाला! रफेलनं आणला.” रांगेच्या टोकाला एक माणूस वाढला होता. डोक्यावर टोपी कपाळापर्यंत ओढलेली, मान खाली. काका आपल्यापासून नव्यानं वचन म्हणत खांदे चाचपत निघाले होते. मी माझ्या जागी उभा राहिलो. त्यांचा हात माझ्या खांद्यावरून पुढे गेला. शेवटच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून ते मोठ्यानं म्हणाले, “हाओलाम!” तो दहावा शब्द, म्हणजे सर्वकाळ, बंद मेमवर संपतो. काकांचा चेहरा उजळला होता. त्यांनी पुस्तक न उघडताच सुरुवात करायला तोंड उघडलं.

मी त्या माणसाच्या हातांकडे बघत होतो. नखांत गुलाबी डिस्टेंपर होता.

बाकी कुणी बघत नव्हतं. पाहुणे त्याला ओळखत नव्हते, रेवदंड्याचे भाऊ ओळखत नव्हते, काकांना दिसत नव्हतं. रफेलशेठ माझ्याकडे बघत होता आणि डोळ्यांनी म्हणत होता, चल, म्हण. मला कदीश तोंडपाठ होती. त्या आठवड्यात मी ती काकांकडून पुन्हा पुन्हा म्हणून घेतली होती. पहिला शब्द जिभेवर आला होता.

“काका, थांबा,” मी म्हणालो. “हा सुदेश आहे. रंगारी.”

“कोण?”

“रंगारी. आपल्यातला नाही.”

काकांचा हात त्याच्या खांद्यावरच राहिला. सुदेशनं पटकन टोपी काढली.

“काका, मी पत्री-ब्रश न्यायला आलो होतो,” तो मला म्हणाला. “हे म्हणाले दोन मिनिटं उभा राहा. मला वाटलं ग्रुप फोटो आहे.”

“तुझं काही नाही रे,” मी म्हणालो. “जा तू.”

काकांनी हात काढून घेतला आणि आपल्या सदऱ्याला पुसला. सुदेशचा राग नव्हता तो. ज्या हातानं तो शब्द म्हटला तो हात ते पुसत होते. “रफेल,” ते म्हणाले, “आंधळ्याकडून?”

“अहो काका, नऊ खरे होतेच की!” रफेलशेठ म्हणाला. पाहुण्यांना कळू नये म्हणून तो हसत बोलत होता, आणि ते हसू मला अजून दिसतं. “एक असा, एक तसा. देव काय रजिस्टर घेऊन बसलाय?” मग तो माझ्या कानाशी आला, हसू तसंच. “इतकं सगळं तुझ्या बायकोसाठी केलं मी. तुलाच नको असेल तर राहिलं. कोण बघत होतं?”

“मी बघत होतो,” मी म्हणालो.

“मग बस बघत.”

बसनं हॉर्न दिला. तो पाहुण्यांना सोडायला गेला, पायरीवरून त्यांना हात करत, मोठ्यानं शालोम म्हणत. तो काठीवाला म्हातारा सगळ्यात शेवटी निघाला. त्यानं मला त्याच्या भाषेत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. मी मान हलवली. गाइडनं त्याचा दंड धरून त्याला नेलं.

मागच्या खोलीत पोरं आइस्क्रीम खात होती, सतरंजीवर थेंब पडले होते. प्राचीनं डोक्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “आजोबा, मी परत ते नाव नाही सांगणार.” मी रुमाल घडी करून कट्ट्यावर ठेवला. माझी टोपी त्यावर ठेवली. घरी जाऊन पोटभर जेवलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा, आणि ते सगळं ओकून टाकलं.

पुढे माझ्यावर ठपका आला. मी पाहुण्यांसमोर मशिदीची लाज काढली, असं रफेलशेठनं अलिबागभर सांगितलं. कुणी मला विचारायला आलं नाही, मीही सांगायला गेलो नाही. फ्लेक्स अजून तिथं आहे, खिडकीतल्या उन्हानं पांढरा पडलाय. बस दर वर्षी येते. पोरं दर वर्षी दुसरी असतात. तेवढ्या दिवशी मी होडीनं पलीकडे जातो.

बिन्यामिनकाका त्यानंतर फार जगले नाहीत. रेवदंड्याचा धाकटा भाऊ मुलाकडे इस्राएलला गेला. थोरल्याला आता उठवत नाही. गावात बेने इस्राएल म्हणून मी एकटा आहे. दिव्यात तेल मीच घालतो.

ठाण्याचे लोक चांगले आहेत. दर वर्षी तिच्या तिथीला फोन करतात, “हनोखकाका, इथं म्हणू का? इथं दहा काय, पन्नास आहेत.” मी नको म्हणतो. सिपोराची कदीश आमच्या मशिदीत व्हायची आहे. ती अजून झालेली नाही.